कामात मन लागावं म्हणून सुपरवायझरने काय करावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बहुतेक वेळा नव्याने सुपरवायझर झालेली माणसं विचारतात. कालपर्यंत स्वतः उत्तम काम करणाऱ्या माणसाला आज बारा-पंधरा जणांकडून काम करून घ्यायचं असतं. पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात येतं की हजेरी पूर्ण आहे, हात चालू आहेत, पण मनं भलतीकडेच आहेत. उत्तरं लहान-मोठी झाली आहेत. जिथे मला स्वतःला ठेच लागली, तिथे जास्त लिहिलंय.

'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणजे नेमकं काय?

एंगेजमेंट म्हटलं की मराठी माणसाला आधी साखरपुडाच आठवतो, त्यामुळे नोटीस बोर्डावर हा शब्द लागला की मागच्या रांगेत हमखास हशा पिकतो. इथे त्याचा साधा अर्थ कामात मन लागणं. उलट अवस्थेला मात्र आपल्याकडे चपखल शब्द आहे : पाट्या टाकणं. काम होतं, वेळेवर होतं, पण करणारा त्यात नसतो.

या विषयाला अभ्यासाचं रूप दिलं विल्यम कान यांनी. १९९० साली त्यांनी एका उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतली माणसं यांच्या कामाकडे बारकाईने पाहिलं. माणूस कामात कधी स्वतःला ओततो आणि कधी आखडता घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना तीन अटी सापडल्या. या कामाला काही अर्थ आहे असं वाटणं, मनातलं बोललो तर अंगाशी येणार नाही ही खात्री असणं, आणि अंगात व डोक्यात तेवढं त्राण शिल्लक असणं. तिसरी अट लोक नेहमी विसरतात. सलग तिसरी डबल ड्युटी करणाऱ्याला 'जरा उत्साह दाखव' म्हणणं हा क्रूरपणा आहे.

माणूस खूश आहे म्हणजे कामात गुंतलेला आहे, असंच ना?

नाही. काही माणसं अगदी खूश असतात, कारण त्यांना कोणी काही विचारत नाही. आणि सतत कुरकुर करणारा एखादा अनेकदा सर्वांत जास्त गुंतलेला निघतो. त्याला फरक पडतो म्हणून तो कुरकुरतो. ज्याने कुरकुरणं अचानक थांबवलं, त्याच्याकडे आधी बघा.

पगार, बढती, सुट्ट्या माझ्या हातात नाहीत. मग मी करणार काय?

हा प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं असं की पगार, धोरणं, कामाची जागा या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या केल्या म्हणून तो कामात रमतोच असं नाही. रमण्यासाठी कामच चांगलं असावं लागतं, म्हणजे त्यात जबाबदारी हवी, काही साधल्याचं समाधान हवं आणि कोणीतरी त्याची दखल घ्यायला हवी. या विचारावर पुढे भरपूर टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण माणसं इतकी सरळ दोन कप्प्यांत बसत नाहीत. पण सुपरवायझरच्या खुर्चीतून पाहिलं तर विभागणी कामाची आहे, कारण दुसरा कप्पा बराचसा तुमच्याच हातात असतो.

कोणाला कोणतं काम द्यायचं, ते कसं समजावायचं, कोणाचं म्हणणं आधी ऐकायचं, चूक झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच ठरवता. गॅलप या पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१५ साली असा निष्कर्ष मांडला की वेगवेगळ्या गटांच्या एंगेजमेंटच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के फरक त्या गटाच्या मॅनेजरमुळे पडतो. हा आकडा थोडा कमी धरला तरी मुद्दा उरतोच.

एक मात्र आधीच सांगतो. पगार वेळेवर होत नसेल किंवा ओव्हरटाइमचे पैसे अडकले असतील, तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी त्यासाठी वरिष्ठांच्या मागे लागा. तुमच्या माणसांना तुम्ही भांडताना दिसलात तर तेवढ्यानेही निम्मं काम होतं.

सुरुवात कुठून करू?

सर्वांत नीरस जागेपासून : आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे प्रत्येकाला नेमकं माहीत आहे का? गॅलपची बारा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्यातलं पहिलंच विधान याबद्दल आहे आणि दुसरं, काम नीट करायला लागणारी साधनं मिळतात का याबद्दल. ध्येय, स्वप्नं वगैरे नंतर येतात.

एक प्रयोग करून बघा. टीममधल्या एकाच्या कामातल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी कागदावर लिहा. त्यालाही स्वतःच्या तीन लिहायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तीनपैकी एकच गोष्ट जुळली, आणि तो माणूस माझ्याकडे चार वर्षं काम करत होता. बोलणी मात्र तो चारही वर्षं खात आला होता.

साधनांचंही तसंच. रोज अडकणारा प्रिंटर, दोघांत एक असलेला स्कॅनर, पासवर्डसाठी दोन दिवस थांबणं. या किरकोळ गोष्टी नव्हेत. रोज सकाळी त्या माणसाला सांगत असतात की तुझ्या वेळेची इथे किंमत नाही. त्यातली एक जरी आठवड्यात सुटली, तरी लोक तुमचं पुढचं बोलणं ऐकतात.

प्रत्येकाशी वेगळं बोलायला वेळ कुठून आणू?

हिशोब करा. चौदा माणसं, पंधरवड्यातून एकदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. पंधरवड्याला साडेतीन तास. एखादी लांबलेली मीटिंग आणि तिचं पुढचं चऱ्हाट यात एवढे तास सहज जातात.

पण या पंधरा मिनिटांत कामाची प्रगती विचारायची नाही. ती तुम्हाला तक्त्यावर दिसतेच. विचारायचं असं : 'गेल्या पंधरा दिवसांत तुमचं काम कशामुळे अडलं?' 'असं कोणतं काम आहे जे तुम्हाला उगाच वाटतं?' 'तुम्हाला नवीन काय शिकायचंय?' आणि मग गप्प बसायचं. पहिल्या दोन खेपेला 'सगळं ठीक आहे' एवढंच उत्तर येईल. ते तुम्हाला जोखतायत. तिसऱ्या खेपेला काहीतरी छोटं सांगतील, आणि त्या छोट्या गोष्टीचं तुम्ही काय करता यावर चौथी खेप अवलंबून असते. म्हणून लिहून घ्या. पुढच्या वेळी सुरुवात त्या टिपणापासून करा.

मीटिंगमध्ये कोणी बोलतच नाही. सगळे नुसते माना डोलावतात.

पूजेला बसलेला यजमान जसा गुरुजींच्या मागून 'मम' म्हणतो, तशा या मीटिंगा असतात. त्याचं कारण बहुतेक वेळा लोकांच्या स्वभावात नसतं. कधीतरी कोणीतरी बोललेलं असतं आणि त्याचं काय झालं ते बाकीच्यांनी पाहिलेलं असतं. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा सुरुवातीला चक्रावून टाकणारा निकाल आला : ज्या पथकांत आपसात चांगलं जमत होतं, त्यांच्याच नावावर औषधं देतानाच्या जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की ती पथकं जास्त चुकत नव्हती, चुका उघड बोलून दाखवत होती. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे बोललो तर अंगाशी येणार नाही ही खात्री, ही कल्पना पथकांच्या संदर्भात सविस्तर मांडली.

हे माहीत झाल्यापासून माझा एक समज गेला. पूर्वी माझ्या शिफ्टचा चुकांचा तक्ता कोरा दिसला की मला बरं वाटायचं. आता कोरा तक्ता बघून मला शंका येते.

काही उपाय जे खरंच चालतात. तुमचं मत शेवटी सांगा. साहेबांचं मत आधी कळलं की चर्चा संपली. 'कोणाला काही बोलायचंय?' हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर कधीच येत नाही. त्याऐवजी 'या योजनेत फसण्याची जागा कोणती, एकेक सांगा' असं अरुंद विचारा. आधी दोन मिनिटं कागदावर लिहायला द्या, मग वाचून घ्या. बुजऱ्या माणसाला कागदाचा मोठा आधार असतो. आणि पहिल्यांदा कोणी विरोधी बोललं की तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सांभाळा. सगळी खोली त्या क्षणी बोलणाऱ्याकडे पाहत नसते, तुमच्याकडे पाहत असते.

सूचनापेटी लावली, पण ती रिकामीच राहते.

मी जिथे काम केलं त्या एका ठिकाणी सूचनापेटी होती, कुलूपही होतं, फक्त किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी कुलूप तोडलं तेव्हा आत सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक आणीबाणीच्या दरवाजासमोर रचलेल्या खोक्यांबद्दल होती, आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला होता.

दोष पेटीचा नसतो. टोयोटामध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून चालू आहे, आणि ती कल्पना त्यांनी अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आणली होती. ती टिकली, कारण तिथे लहान सूचनांनाही मोल दिलं गेलं आणि सूचनेचं पुढे काय झालं हे सांगितलं गेलं. हत्यार ठेवायची जागा दोन हात अलीकडे आणणं हीसुद्धा सूचनाच.

तुमच्या टीमपुरता नियम एवढाच ठेवा : आलेल्या प्रत्येक सूचनेला सात दिवसांत तीनपैकी एक उत्तर. 'हो, अमुक तारखेपासून.' 'नाही, कारण हे.' किंवा 'माझ्या हातात नाही, वर पाठवली आहे, अमुक तारखेला सांगतो.' हे भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहा. 'नाही' ऐकून लोक फारसे नाराज होत नाहीत. उत्तरच न आल्याने होतात. मत मागून ते गिळून टाकण्यापेक्षा न मागितलेलं बरं.

निर्णयात लोकांना किती सामील करून घ्यायचं? उद्या सगळं मतदानानेच ठरवायचं का?

मतदान नको. पण कामाची पद्धत बदलताना ज्यांचे हात त्यात आहेत त्यांना बाहेर ठेवलंत, तर त्याची किंमत मोजावी लागते. याचा जुना आणि अजूनही वाचनीय दाखला म्हणजे अमेरिकेतल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नुसतं सांगितलं की उद्यापासून असं करायचं. दुसऱ्याने प्रतिनिधी नेमले आणि त्यांच्यामार्फत बदल ठरवला. तिसऱ्या प्रकारच्या गटांत सगळ्यांनाच सामील करून घेतलं. ज्यांना नुसतं सांगितलं त्यांचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत त्यांच्यातली १७ टक्के माणसं सोडून गेली. पूर्ण सहभाग असलेले गट लवकर सावरले आणि पुढे आधीच्यापेक्षाही सुमारे १४ टक्के वर गेले. गट लहान होते, हे खरं. तरी कामावर असलेल्या कोणालाही हा निकाल ओळखीचा वाटेल.

प्रत्यक्षात निर्णय चार तऱ्हांचे असतात. काही तुम्ही घेऊन सांगता. काहींत सल्ला विचारता, पण ठरवता तुम्ही. काही मिळून घेता. आणि काही पूर्णपणे सोपवून मोकळे होता. यातली कुठलीही तऱ्हा वाईट नाही. फसवणूक होते ती पहिल्या तऱ्हेचा निर्णय तिसऱ्या तऱ्हेचा असल्यासारखा दाखवण्यात. नवीन वेळापत्रक वरून ठरून आलंय आणि तुम्ही 'सगळ्यांनी मिळून ठरवू या' म्हणून मीटिंग घेता, हे लोकांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. सरळ सांगा : 'वेळ बदलणार हे पक्कं आहे. कोणी कुठल्या आठवड्यात यायचं ते तुम्ही ठरवा.' सोपवलेली गोष्ट लहान असली तरी चालते, पण ती खरी असली पाहिजे. आणि त्यांनी ठरवलेलं तुम्हाला आवडलं नाही म्हणून मागून बदलायचं नाही. सुट्ट्यांची पाळी, नवीन माणसाला कोणी शिकवायचं, जागेची मांडणी, या गोष्टी सोपवून बघा.

कौतुक किती आणि कसं करावं?

'छान, छान' हे कौतुक नव्हे. त्यातून एवढंच कळतं की तुमचं लक्ष नव्हतं. काय केलं आणि त्याने काय झालं, हे दोन्ही सांगा : 'काल तुम्ही ऑर्डर पुन्हा तपासलीत म्हणून चुकीचा माल गेला नाही.' शक्यतो त्याच दिवशी. चार जणांत कौतुक सगळ्यांनाच रुचत नाही, काहींना त्याने अवघडल्यासारखं होतं. एकदा विचारून ठेवायला हरकत नाही.

अभिप्रायाबद्दल एक इशारा. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यानंतर काम उलट घसरलं होतं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की तो धोका वाढतो. 'हा अहवाल अपुरा आहे' आणि 'तू निष्काळजी आहेस' यात फक्त शब्दांचा फरक नाही.

बक्षीस ठेवलं तर?

जपून. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्याचे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीइतके वळेनात. मुळात आवडणाऱ्या कामाला दर लावला की आवड मागे पडू शकते. महिन्याचा 'सर्वोत्तम कर्मचारी' एकच निवडता, तेव्हा बाकीचे तेरा काय शिकतात याचाही विचार करा.

कामच कंटाळवाणं असेल तर?

तर ते रोमांचक असल्याचं नाटक करू नका. काही कामं कंटाळवाणी असतातच. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण सांगितले : त्यात वेगवेगळी कौशल्यं लागणं, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कोणावर तरी परिणाम होणं, स्वतः ठरवायला वाव असणं आणि कसं झालं ते कामातूनच कळणं. तुमच्याकडच्या सर्वांत रटाळ कामाला या पाचांत गुण द्या. एखादा तरी वाढवता येतो.

नुसती अदलाबदल मात्र फारशी उपयोगी नाही. एका रटाळ कामाला दुसरं रटाळ काम जोडणं म्हणजे शून्यात शून्य मिळवणं, अशा अर्थाचं हर्झबर्ग यांनीच म्हटलं होतं.

मला स्वतःला सर्वांत पटलेला उपाय स्वस्त आहे. ॲडम ग्रँट यांनी विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काहींना, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं भेटवलं. महिनाभरानंतर ही माणसं आधीच्या दुपटीहून जास्त वेळ फोनवर घालवत होती आणि रक्कमही खूप जास्त जमवत होती. आपलं काम पुढे कोणाच्या हातात जातं, हे अनेकांना वर्षानुवर्षं दिसलेलंच नसतं. पॅकिंगवाल्याला खोकं उघडणारा माणूस भेटू द्या. तक्रारी नोंदवणाऱ्याला, सुटलेल्या तक्रारीबद्दल आलेला निरोप वाचू द्या.

नुसतं लक्ष दिलं तरी काम वाढतं म्हणतात, ते खरं का?

हे हॉथॉर्नच्या प्रयोगांवरून म्हणतात. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न नावाच्या कारखान्यात ते झाले. उजेड, विश्रांती, कामाचे तास बदलून पाहिले, आणि बदल कुठलाही केला तरी उत्पादन वाढतं असा बोलबाला झाला. नंतरच्या अभ्यासकांनी ते आकडे पुन्हा तपासले तेव्हा गोष्ट इतकी साफ राहिली नाही. तेव्हा 'लक्ष दिलं की झालं' यावर विसंबू नका.

एकजण पाट्या टाकतो, त्याच्यामुळे बाकीचे सैलावतात. काय करू?

आधी कारण शोधा. त्याला माहीत नाही, जमत नाही, घरी काही चाललंय, की कधीतरी दुखावला गेलाय? चौघांवर उपाय चार वेगळे आहेत. दुखावलेला माणूस सर्वांत अवघड, कारण कारण जुनं असतं आणि बऱ्याचदा ते तुमच्या आधीच्या सुपरवायझरने केलेलं असतं. तरी ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं करूनही बदल नसेल तर स्पष्ट मुदत देऊन कारवाई करा. काम करणारे तुमची वाट पाहत असतात. मात्र एकासाठी सगळ्यांवर नवीन नियम लादू नका.

आणि एक गल्लत टाळा. जो वेळेवर येतो, नीट काम करतो आणि वेळेवर घरी जातो, तो पाट्या टाकत नाही. तो नोकरी करतो.

रात्रपाळी आणि घरून काम करणाऱ्यांचं काय?

उंटावरून शेळ्या हाकायचा मोह इथेच होतो. महिन्यातून दोन रात्री स्वतः जा. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत स्क्रीनवरचा हिरवा ठिपका मोजू नका, ठरलेलं काम मोजा, आणि बातमी ऑफिसमधल्यांना आधी, त्यांना नंतर असं होऊ देऊ नका.

वाढदिवस, खेळ, सहली यांचा उपयोग होतो का?

आपसात जमत असेल तर मजा येते. जमत नसेल तर ती अजून एक ड्युटी.

खरं सांगायचं तर माझंच मन लागत नाही.

तुम्ही एकटे नाही. गॅलपच्या जागतिक पाहणीत कामात गुंतलेल्यांचं प्रमाण २०२३ मधल्या २३ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २१ वर आलं, आणि मॅनेजरांमध्ये ते ३० वरून २७ वर. मॅनेजरांची घसरण जास्त. वरून टार्गेट, खालून गाऱ्हाणी, मध्ये तुम्ही. या पानावरचे प्रश्न तुमच्या वरिष्ठाने तुम्हाला विचारलेत का कधी? नसतील तर तुम्हीच वेळ मागून घ्या आणि 'माझं काम कशामुळे अडतं' याची यादी घेऊन जा. टीमसमोर खोटा उत्साह आणू नका. 'हा महिना मलाही जड जातोय' एवढं म्हटलेलं लोक समजून घेतात.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं, आणि किती दिवसांत?

सर्वे वर्षातून एकदा येतो. घेतलात तर निकाल टीमला दाखवा, आणि कोणी काय लिहिलं असेल याचा माग काढू नका; एकदा काढलात की पुढच्या वर्षी सगळे 'उत्तम' वर खूण करतील.

रोजच्या खुणा वेगळ्या असतात. वाईट बातमी तुम्हाला लवकर कळायला लागते, तीही दुसऱ्याकडून न कळता ज्याच्या हातून झालं त्याच्याकडूनच. लोक एकमेकांना परस्पर विचारून प्रश्न सोडवतात आणि तुम्हाला नंतर सांगतात. नवीन माणसाला कोणीतरी न सांगता शिकवायला घेतं. आणि सुरुवातीचे काही आठवडे तक्रारी कमी न होता वाढतात. तेव्हा वरिष्ठ विचारतील की तुमच्याच टीमच्या इतक्या तक्रारी का. उत्तर तयार ठेवा, सोबत फळ्यावरच्या सुटलेल्या गोष्टींचा फोटोही. मला हा फरक दिसायला सात-आठ महिने लागले होते, आणि त्यातले पहिले तीन महिने मला वाटत होतं की काहीच होत नाहीये.